ओढ्यातली मासेमारी

सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना उतरणारे ओढे, ओहोळ आणि कोकणातले पऱ्ये, वहाळ यांतल्या बहुतेकांना नकाशावर नाव नसते. गावच्या बोलण्यात ते ‘देवळामागचा ओढा’ किंवा ‘वरचा वहाळ’ एवढ्यावरच ओळखले जातात. रुंदी दहा-पंधरा हात. आषाढात छातीभर लोंढा, मार्गशीर्षात घोटाभर पाणी आणि वैशाखात खडकांच्या सांदीत उरलेले चार-दोन डोह. एवढ्याशा पाण्यातही मासे पिढ्यान्‌पिढ्या नांदतात आणि काठावरची माणसे पिढ्यान्‌पिढ्या ते धरतात. ही मासेमारी समुद्रावरच्या मासेमारीसारखी बाजारासाठी नसते. सांजच्या कालवणापुरती, फार तर शेजारी वाटण्याइतकी मिळकत हेच तिचे प्रमाण. म्हणून सरकारी आकडेवारीत तिला फारशी जागा नाही, पण गावच्या खाण्यापिण्यात तिचे स्थान मोठे आहे.

ओढा वरून एकसारखा दिसला तरी माशांच्या दृष्टीने त्यात निरनिराळी घरे असतात. दगडगोट्यांवरून पाणी खळाळत जाते तिथे हवा भरपूर मिसळते. त्या दगडांच्या खालच्या बाजूला कीटकांच्या अळ्या चिकटलेल्या असतात, म्हणून खळाळाच्या शेवटी, जिथे वेगाचे पाणी संथ पाण्याला मिळते, तिथे मासे तोंड प्रवाहाकडे करून वाहत येणाऱ्या भक्ष्याची वाट पाहतात. वळणावर काठ पोखरून डोह तयार होतो. उंबर, जांभूळ, करंज अशी झाडे त्यावर वाकलेली असली तर तो डोह सर्वांत श्रीमंत. फळे पाण्यात पडतात, पानांवरचे किडे पडतात, सावलीने पाणी गार राहते आणि मुळांच्या जाळीत पिलांना आसरा मिळतो. काठची झाडे तोडली की त्या डोहातला मासा कमी होतो, हे गावकऱ्यांचे निरीक्षण अगदी बरोबर आहे.

या पाण्यात राहणारे मासे दिसायला लहान, पण अंगच्या युक्त्यांनी थक्क करणारे आहेत. मळ्या नावाच्या माशाच्या हनुवटीखाली एक चकती असते. तिच्या आधाराने तो धबधब्याखालच्या निसरड्या खडकालाही धरून राहतो आणि दगडावरचे शेवाळ खरवडून खातो. मुरे वाळूत अंग पुरून बसतात. वाम सापासारखी लांबुडकी. दिवसा दगडांच्या कपारीत दडते आणि रात्री भक्ष्याला बाहेर पडते. तिच्या पाठीवर सुट्या काट्यांची रांग असते, त्यामुळे तिला मुठीत धरणे धोक्याचे. शिंगटीच्या तोंडाशी मिशा आणि पंखांत टोकदार काटे. खवली, अळकुटी असे चांदीसारखे चकाकणारे मासे वरच्या थरात टोळीने फिरतात. मरळ हवेतला प्राणवायूही घेऊ शकते, म्हणून पाणी आटत आले तरी ती चिखलात तग धरते. तिच्याच कुळातला वीतभर लांबीचा एक मासा ओढ्यात राहतो. त्याचा नर अंडी आणि पिले तोंडात सांभाळतो, आणि तो गळाला लागला तर आख्खी वीण उघडी पडते.

यांतल्या काही माशांची शास्त्रीय नावे मराठी वाचकाला ओळखीची वाटतील. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत असलेले कर्नल सायक्स यांनी दख्खनच्या माशांचे वर्णन 1839 मध्ये प्रसिद्ध केले आणि अनेक जातींना इथल्या कोळ्यांच्या तोंडची नावेच दिली. गारा मुल्या, मिस्टस सींगटी, टॉर खुदरी ही नावे त्यातूनच आली. पश्चिम घाटाच्या गोड्या पाण्यातील जीवांचा जो आढावा 2011 मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने प्रसिद्ध केला, त्यात माशांच्या 290 जाती मोजल्या होत्या आणि त्यांतल्या 189 जाती जगात इतरत्र कुठेही सापडत नाहीत. नव्या जातींची भर अजून पडतेच आहे. आंबोलीच्या महादेव मंदिराजवळच्या पाण्यातून हिरण्यकेशी हे नाव मिळालेला एक छोटा मासा 2020 मध्ये शास्त्राला ठाऊक झाला आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने त्या जागेला जैविक वारसा स्थळाचा दर्जा दिला. ओढ्यातल्या बोटभर माशासाठी असा निर्णय होणे ही मोठी गोष्ट आहे.

ओढ्याच्या वर्षातला सर्वांत गजबजलेला काळ म्हणजे मृगाचे पहिले मोठे पाऊस. रायगड-ठाण्याकडे याला वलगण म्हणतात, तळकोकणात हे चढणीचे मासे. उन्हाळाभर माशांच्या पोटात अंडी तयार होत असतात, पण ती घालायला योग्य पाणी नसते. मग आभाळ भरून येते, पाण्याचे तापमान उतरते, प्रवाह वाढतो, पाण्याला मातीचा वास आणि रंग येतो. या साऱ्या खुणा एकत्र आल्या की माशाच्या मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी संप्रेरके सोडते आणि वीण सुरू होते. तळ्यात कोंडलेल्या रोहू, कटल्याला या खुणा मिळत नाहीत, म्हणून ते तिथे अंडी घालत नाहीत. डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 10 जुलै 1957 रोजी पीयूषिकेचा अर्क टोचून तळ्यातल्या माशांची वीण साधली. आज तळ्यात सोडण्यासाठी मिळणाऱ्या मत्स्यबीजाचा उगम त्या प्रयोगात आहे. ओढ्यातल्या माशाला मात्र अजून पाऊसच लागतो.

चढणीला मासे नदीतून ओढ्यात, ओढ्यातून वहाळात आणि वहाळातून थेट भाताच्या खाचरात शिरतात. यामागे शहाणपण आहे. नुकत्याच भिजलेल्या शेतात सूक्ष्म जीवांची रेलचेल असते. तिथले पाणी उथळ आणि उबदार असते, मोठे भक्षक कमी असतात. अनेक जातींची अंडी एका दिवसाच्या आत फुटतात आणि पिलांना डोळे उघडताच खाणे मिळते. खाडीजवळच्या गावांत चिवणीही गोड्या पाण्याकडे सरकतात. गाबोळीने भरलेल्या या चिवण्यांसाठी पावसाळ्याच्या तोंडाला कोकणात झुंबड उडते. भादव्या-आश्विनात पाणी ओसरू लागले की बोटभर झालेली पिले उलट वाटेने ओढ्यात उतरतात. म्हणजे ओढ्याच्या मासेमारीला चढण आणि उतरण असे दोन हंगाम आहेत, आणि दोन्हींत माशाची वाट एकच असते.

ही वाट बांधाच्या तोंडाशी फार जवळून पाहता येते. खाचराचे जादा पाणी उतरायला बांधाला एक तोंड ठेवलेले असते आणि तिथून हातभर उंचीची धार खाली पडते. चढणारे मासे त्या धारेखालच्या संथ पाण्यात जमतात, क्षणभर थांबतात, मग शेपटीच्या एका फटक्याने धारेत घुसतात. पहिल्या उडीत वर पोचणारे थोडे, बाकीचे खाली पडतात आणि पुन्हा जमतात. कामट्यांची टोपली किंवा निमुळत्या तोंडाचा बांबूचा सापळा अशा जागी लावला की पडणारा मासा आयता आत जातो. सापळ्याच्या तोंडाशी कामट्यांची टोके आतल्या बाजूला वळवलेली असतात, त्यामुळे आत गेलेल्याला परतीची वाट मिळत नाही. ज्यांच्याकडे सापळा नसतो ते जुने लुगडे दोघांत धरून पाणी गाळतात. रात्री टॉर्चच्या उजेडात खाचरात फिरून कोयतीने किंवा काठीने मासे मारण्याचीही चाल आहे.

कातकरी समाजाचे ओढ्याविषयीचे ज्ञान या सगळ्यात वरचढ आहे. कातकरी बाया दगडाखाली हात घालून केवळ स्पर्शाने मासा आहे की खेकडा हे ओळखतात, प्रवाह दगडमातीने वळवून एक फाटा कोरडा पाडतात आणि तेवढ्यातले मासे वेचतात. या कामाला कसलेही भांडवल लागत नाही, पण पाण्याचा तळ पाठ असावा लागतो.

रुंद डोहांवर पाग वापरतात. कडेला शिशाचे मणी ओवलेले हे गोल जाळे खांद्यावरून असे फेकावे लागते की पाण्यावर पडताना ते पूर्ण उघडले पाहिजे. अरुंद ओढ्यात झाडांच्या फांद्या आड येतात, म्हणून तिथे गळच सोयीचा. बांबूची लवचीक काठी, तंगूस, एक लहान गरी, तिच्यावर वीतभर अंतरावर शिशाचा तुकडा आणि पाण्यावर तरंगणारे बूच इतके सामान पुरते. बुचाची जागा खालीवर सरकवून गरी तळापासून किती उंचीवर राहील ते ठरवतात. शिंगटीसाठी ती तळाला टेकली पाहिजे, खवलीसाठी मधल्या पाण्यात.

आमिष म्हणून गांडुळाला तोड नाही. पण आख्खे गांडूळ लोंबत ठेवले तर लहान मासे टोके कुरतडून पळतात, म्हणून गरीच्या बाकाएवढाच तुकडा ओवून टोक जेमतेम झाकतात. खवलीला कणकेची मुगाएवढी गोळी चालते. मळ्या शेवाळावर जगणारा असल्याने तो गळाला क्वचितच येतो. बुचाच्या हालचालीवरून खाली कोण आहे याचा अंदाज बांधता येतो. खवली बुचाला थरथरवते, शिंगटी ते एकदम ओढून नेते, आणि वाम आमिष तोंडात घेऊन सावकाश कपारीकडे सरकते. वामेला एकदा कपारीत शेपूट अडकवू दिली की तंगूस तुटते, वाम हाती येत नाही.

गळ टाकायला पाऊस थांबून पाणी निवळू लागण्याचा काळ उत्तम. अगदी गढूळ लोंढ्यात माशाला आमिष सापडत नाही, आणि स्वच्छ पाण्यात माणूस त्याला आधी दिसतो. माशाच्या दोन्ही कुशींवर पाण्यातले हादरे टिपणारी एक रेघ असते. काठावर पडलेले जड पाऊल तिला लगेच कळते. जुनेजाणते गळकरी काठावर हळू पावले टाकतात आणि आपली सावली पाण्यावर पडू देत नाहीत, त्याला हे कारण आहे.

माशांबरोबर ओढ्यात खेकडेही धरले जातात, त्यांना कुठे मुठे म्हणतात तर कुठे कुर्ल्या. समुद्रातल्या खेकड्यांची पिले सूक्ष्म रूपात पाण्यावर तरंगत वाढतात. गोड्या पाण्यातल्या खेकड्याची पिले मात्र अंड्यातून खेकड्याच्याच आकारात बाहेर येतात आणि काही काळ आईच्या पोटाखालच्या झडपेत राहतात. अशी लेकुरवाळी मादी उचलली तर तिच्याबरोबर शेकडो पिले जातात. पोटाची झडप फुगलेली दिसली की तिला दगडाखाली परत ठेवण्याची रीत काही घरांत अजून पाळतात. ती सगळ्यांनी पाळावी अशीच आहे.

ओढ्याची खरी परीक्षा उन्हाळ्यात असते. फाल्गुनानंतर प्रवाह तुटतो आणि मैल-दोन मैलांतले उरलेले सगळे मासे मोजक्या डोहांत गोळा होतात. पुढच्या पावसात चढणारे मासे यांतूनच येणार असतात. शेतकऱ्याच्या कणगीतल्या बियाण्यासारखे हे डोह असतात. नेमक्या याच वेळी ते उपसणे सर्वांत सोपे असते. पूर्वी डोहात गेळाची फळे, कुंभ्याची साल किंवा रामेठा ठेचून टाकत. त्या रसाने मासे गुंगून वर येत. वनस्पतींचा हा अंमल डोहापुरता असे आणि काही काळाने ओसरे, तरी त्यातही लहान-मोठे सगळेच मासे सापडत. आता त्या जागी शेतातली कीटकनाशके आणि ब्लीचिंग पावडर आली आहे. कुठे जिलेटिनचा स्फोट करतात, कुठे बॅटरीवरून पाण्यात वीज सोडतात. यात माशांबरोबर अळ्या, बेडकांची पिले, शिंपले, खेकडे असे सगळेच मरते. विषाचे पाणी खाली गुरे पितात, माणसेही त्याच पाण्यावर येतात. विजेने मासे धरताना माणसाचाही जीव जातो. ही मासेमारी नव्हेच, हा ओढ्याचा खून आहे, आणि तसेच म्हटले पाहिजे.

कायदा याबाबत जुना आणि स्पष्ट आहे. 1897 च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमाने पाण्यात स्फोटके वापरून किंवा विष घालून मासे मारणे हा गुन्हा ठरवला आहे. अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्यानांतल्या पाण्यावर 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू असतो. धरणे व तलाव बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, म्हणून ओढा जिथे तलावाला मिळतो तिथे गळ टाकण्याआधी विचारून घेणे योग्य. समुद्रात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यंत्रचलित नौकांना मासेमारीची बंदी असते आणि ती मोडणाऱ्यावर कारवाई होते. त्याच दिवसांत, त्याच कारणाने अंडी घालायला निघालेला ओढ्यातला मासा मात्र बांधाबांधावर मारला जातो. त्यावर पहारा ठेवणारे कोणी नसते.

मासेमारीपेक्षाही मोठे नुकसान काही वेळा बांधकामाने होते. ओढ्यावर आडवा सिमेंटचा बंधारा आला आणि त्यात माशाला चढायला उतरती वाट ठेवली नाही तर वरचा सगळा भाग विणीला मुकतो. रस्त्याखालच्या मोरीचा पाइप पाण्याच्या पातळीपासून दोन-तीन फूट वर राहिला तरी तोच परिणाम होतो. मळ्यासारखा एखादा चिकटून राहणारा मासा भिंतीवरून चढेल, खवली चढणार नाही. नाला खोलीकरणाच्या कामांत यंत्राने दगडगोटे, वाळू आणि काठची मुळे सरसकट काढली जातात. पाणी साठते हे खरे, पण खळाळ नाहीसा होतो आणि ओढ्याचा चर बनतो. थोडे दगड आणि एक काठ झाडांसह तसाच ठेवून हेच काम करता येते.

परक्या माशांचा प्रश्न वेगळा आहे. तिलापिया भारतात 1952 मध्ये आणला गेला. गावोगाव चिलापी म्हणून ओळखला जाणारा हा मासा वर्षातून अनेकदा वितो आणि पिले तोंडात सांभाळतो, त्यामुळे घाणेरड्या पाण्यातही त्याची संख्या वाढत राहते आणि स्थानिक खवलीला जागा उरत नाही. डासांच्या अळ्या खाण्यासाठी सोडलेले गप्पीही विहिरींतून ओढ्यात पोचले आहेत. आफ्रिकी मांगूर पाळण्यावर तर देशात बंदी आहे. घरच्या काचपेटीतला किंवा शेततळ्यातला मासा ओढ्यात सोडणे पुण्याचे वाटले तरी ओढ्याला ते घातक आहे.

मासा राखण्याची परंपराही इथलीच आहे. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड येथे वरदायिनी देवीच्या डोहातले मासे कोणी धरत नाहीत. वाडा तालुक्यात तिळसे येथे वैतरणेच्या पात्रात तिळसेश्वराच्या देवळापाशी असाच राखलेला डोह आहे. दोन्हीकडे महासीर जातीचे मोठे मासे भाविकांच्या हातचे खाणे घ्यायला काठाशी येतात. नदीच्या एका तुकड्यात मासेमारी पूर्ण बंद ठेवली तर तिथे मासा मोठा होतो आणि त्याची पिले आजूबाजूच्या पाण्यात पसरतात. आधुनिक मत्स्यशास्त्रही संरक्षित क्षेत्रे आखताना हेच तत्त्व वापरते. गावच्या ओढ्यावर असा एक डोह ठरवायला ग्रामसभेचा ठराव आणि गावकऱ्यांची एकी पुरते.

ओढ्याचा मासा चवीला गोड आणि काट्यांना भरपूर. शिंगटी आणि वाम बुळबुळीत असल्याने चुलीची राख लावून घासतात, मग साफ करतात. बारीक मासे आमसूल, तिरफळ, हळद-तिखट लावून आटीव करतात, किंवा हळदीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजतात. जास्त मिळाले तर चुलीवर धुरी देऊन ठेवतात. काटे बोटभर माशातही असतात, म्हणून लहान मुलांना ते जपून द्यावेत.

पाण्यात उतरणाऱ्याने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. घाटाखालच्या ओढ्यात वर पाऊस झाला तर खाली ऊन असतानाही लोंढा येतो. पाणी एकाएकी गढूळ झाले आणि पालापाचोळा वाहू लागला की ताबडतोब काठ गाठावा. शिंगटीचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवल्याने कळ कमी होते. काठावर दिसणारी पाणदिवड बिनविषारी असते, तिला मारू नये. पायाला जखम असताना पावसाळी चिखलात उतरणे टाळावे, कारण कोकणात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिसचे) रुग्ण दरवर्षी याच दिवसांत आढळतात. नंतर ताप आला तर डॉक्टरांना पाण्यात उतरल्याचे आवर्जून सांगावे.

येत्या मृगाला चढण सुरू झाली की पहिले दोन-तीन दिवस बांधाची तोंडे मोकळी ठेवावीत. सापळा लावायचाच तर तो पाण्याच्या अर्ध्या वाटेला लावावा म्हणजे उरलेल्या अर्ध्यातून मासा वर जाईल. अंड्यांनी पोट फुगलेली मादी हाती आली तर सोडून द्यावी. जाळ्याचा आस बोटभर पिले निसटतील एवढा मोठा असावा, आणि उन्हाळ्यात गावचा निदान एक डोह कोणीही उपसू नये. कोणी पाण्यात विष किंवा वीज सोडताना दिसले तर पोलीस पाटलाला कळवण्यात संकोच करू नये.